बोर खावे, बी सांभाळावे

येळवस झाली की आमच्या मुरुमच्या बाजारात बोरांच्या पाट्या दिसू लागतात. एस. टी. स्टँडच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकापाशी, आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, पोते पसरून त्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबूस बोरांचे ढीग मांडून बायका बसलेल्या असतात. पलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतून आलेली एखादी बाई 'बोरेहण्णु' म्हणून हाक देते आणि तिच्या शेजारची मराठीत 'गावरान बोरं' म्हणून. ओंजळभर बोरे घेऊन, मीठ-तिखट लावून मुले खात उभी असतात.

आणि याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो. "डाक्टरसाहेब, लेकराला बोरं देऊ का? खोकला तर होणार नाही ना?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो आहे. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे मी ते चुकीचे दिले. म्हणून आजच्या लेखात आपल्या बांधावरच्या या साध्या फळाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. त्यात माझी चूकही आली आणि आमच्या घरातला एक प्रसंगही आला.

'आंबट बंद'

नवा नवा डॉक्टर झालो तेव्हाची सवय सांगतो. खोकल्याचा रुग्ण आला की औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता मी म्हणत असे, "तेलकट बंद, आंबट बंद, थंड बंद." किती दिवस बंद, हे मी सांगत नसे आणि रुग्णही विचारत नसे. थंडीच्या दिवसांत 'आंबट' म्हणताच आपल्याकडे पहिल्यांदा बोर डोळ्यांपुढे येते. त्यामुळे बोरही बंद होई.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पौष महिन्यात एक आजी दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. मुलगा पुण्याला कामाला, आजी शेतातल्या घरात एकट्या. तक्रार अशी की हिरड्यांतून रक्त येते, पाय ठणकतात आणि चार पावले चालले की दम लागतो. हिरड्या पाहिल्या तर सुजून जांभळ्या झालेल्या. पायांवर मार न लागताही निळे-काळे डाग होते. आधी वाटले मिश्रीचा परिणाम असेल. पण त्या मिश्री लावत नव्हत्या. रक्त तपासले तेव्हा रक्तक्षय होताच. साखर मात्र ठीक होती.

मग मी विचारले, "आजी, दिवसभरात खाता काय?"

"काय खाणार? भाकरी. पिठलं नाहीतर डाळ. दोन-तीन येळा चहा."

"फळ? पेरू, लिंबू? तुमच्या तर बांधावर बोर आहे ना?"

आजींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "तुमीच तर सांगितलाव की, आंबट बंद करा म्हणून. तवापासून नाही खाल्लं. लिंबू नाही, चिंच नाही, बोर नाही. झाडाखाली सडा पडतो, शेळ्या खातात."

मी त्यांना हे कधी सांगितले होते ते मला आठवत नव्हते. जुन्या वहीत पाहिले तर सात वर्षांपूर्वीची नोंद सापडली. खोकला, पाच दिवसांचे औषध. पाच दिवसांसाठी म्हटलेला एक शब्द त्या माउलीने सात वर्षे पाळला होता. डॉक्टरच्या तोंडून सहज निघालेला शब्द गावाकडची माणसे किती मनावर घेतात, हे मला त्या दिवशी कळले.

आजींना झाला होता तो क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. त्याला स्कर्व्ही म्हणतात. एकेकाळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचा हा आजार समजला जाई. ताजे फळ नाही, भाजी नाही, नुसता सुका शिधा. मग हिरड्या सडत, जुन्या जखमा उघडत आणि माणसे मरत. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातील डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. ज्यांना संत्री व लिंबे दिली ते सर्वांत लवकर उठून कामाला लागले. त्या फळांतले नेमके द्रव्य ओळखायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. शेळीच्या शरीरात हे जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणसाच्या शरीराला ते जमत नाही. त्यामुळे शेळीने बोर खाल्ले नाही तरी तिचे अडत नाही. माणसाला मात्र ते जीवनसत्त्व रोजच्या अन्नातूनच मिळवावे लागते.

समुद्र आपल्यापासून कितीतरी लांब आहे. पण एकट्या राहणाऱ्या, दात पडलेल्या, भाकरी आणि चहावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची अवस्था त्या खलाशांहून फार वेगळी नसते. आजींना मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रक्तवाढीचे औषध दिले. शिवाय सांगितले की बांधावरची पिकलेली बोरे रोज मूठभर खायची, जेवणात लिंबू पिळायचे आणि पेरू मिळाला तर किसून खायचा. त्या बिचकल्या. "अन् खोकला लागला तर?" मी म्हणालो, "लागला तर माझ्याकडे या. फी घेणार नाही."

खोकला लागला नाही. पंधरा दिवसांत हिरड्यांचे रक्त थांबले आणि पायांवरचे डाग फिके पडले. पुढच्या खेपेस आजी पदरात बांधून बोरे घेऊन आल्या आणि टेबलावर मोकळी केली.

बोरात आहे तरी काय?

आपल्या उमरग्यावरून जाणारा रस्ता ज्या हैदराबादेला पोहोचतो, तेथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय अन्नपदार्थांतील पोषक घटकांची या संस्थेने तयार केलेली कोष्टके डॉक्टर व आहारतज्ज्ञ अनेक वर्षे वापरत आले आहेत. त्यांनुसार बोराच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यात ते साधारण ३०, केळ्यात ७, तर सफरचंदात अगदीच नाममात्र. आवळा (६००) आणि पेरू (२००च्या वर) हे मात्र बोराच्या पुष्कळ पुढे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. म्हणजे लहान गावरान बोरांच्या दोन-तीन मुठींत दिवसाची गरज जवळजवळ भागते. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहरातून सफरचंदे घेऊन जातो आणि ज्या बांधावरून जातो त्याच बांधावरच्या बोरांकडे ढुंकून पाहत नाही. सफरचंद वाईट नाही. पण महाग म्हणून ते बोरापेक्षा पौष्टिक, हा समज खरा नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. आपण ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या खातो. त्यांत लोह असते. पण धान्य-भाजीतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. उलट जेवणाला लागून चहा घेतला तर शोषण घटते.

बोरात स्वतःचे लोह थोडेच आहे. पण भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. म्हणून दुपारच्या जेवणावर चहाचा कप घेण्याऐवजी पाच-सात बोरे खावीत. गरोदर स्त्रियांनी मात्र एक लक्षात ठेवावे की बोरे खाल्ली म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळ्या घ्यायच्याच आणि वर बोरेही खायची.

शिवाय बोरात चोथा असतो. त्यामुळे पोट साफ राहायला मदत होते.

खोकला कोणाचा, आळ कोणावर?

बोरे येतात थंडीत, आणि सर्दी-खोकलाही येतो थंडीत. दोघे एकाच वेळी येतात म्हणून एकाने दुसऱ्याला आणले असे होत नाही. खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शेकोटीचा व चुलीचा धूर, ज्वारीच्या रानातली आणि रस्त्यावरची धूळ त्यात भर घालते. त्यासाठी बोराला दोष देणे बरोबर नाही.

मग बोरे खाल्ल्यावर घसा धरतो असे अनेकांना का वाटते? एक तर आधीच घसा सुजलेला असताना आंबट, कच्चे बोर, त्यातून वर तिखट-मीठ लावलेले, झोंबते. दुसरे म्हणजे झाडाखाली पडलेली बोरे मुले तशीच तोंडात टाकतात. धूळ, माती, शेळ्यांच्या लेंड्या सारे त्याबरोबर जाते आणि जुलाब, जंत यांना आमंत्रण मिळते. दोष न धुण्याचा असतो आणि नाव बोराचे होते.

तेव्हा माझे आजचे उत्तर असे आहे. घसा फार दुखत असेल तर चार दिवस थांबा. नंतर पिकलेले, धुतलेले बोर खुशाल द्या. दमा असलेल्या रुग्णाला किंवा अन्य कोणाला बोर खाल्ल्यावर दर वेळी हटकून त्रास होत असेल, ओठांना खाज सुटत असेल, तर त्या व्यक्तीने ते टाळावे.

जुन्यांनी ठरवून ठेवलेले

आयुर्वेदाने बोराचा विचार फार जुन्या काळापासून केला आहे. चरकसंहितेत एकेका कामासाठी दहा-दहा द्रव्यांचे गट दिले आहेत. त्यांतील हृदयाला हितकर अशा गटात बदर म्हणजे बोर आहे. थकवा घालवणाऱ्या 'श्रमहर' गटातही द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस यांच्या पंगतीला बोर बसवले आहे. आकारावरून बोरांना वेगवेगळी नावेही आहेत. मोठे ते सौवीर, मधले कोल आणि झुडपावरचे बारीक ते कर्कंधू. 'कोल' हे तर औषध मोजण्याचे एक मापच झाले होते. आजच्या हिशेबाने ते सुमारे सहा ग्रॅम भरते. याचा अर्थ बोर हे हृदयविकाराचे औषध आहे असा कोणी घेऊ नये. छातीत दुखले तर दवाखानाच गाठावा. पण पूर्वजांनी या फळाला गरिबाचे म्हणून खालच्या पायरीवर बसवले नव्हते, एवढे यातून नक्की दिसते.

आपल्या सणांतही तेच आहे. येळवसेला सारे घर शेतात जाते. कोपीतली पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे यांवर ताव मारून झाला की मोठी माणसे सावलीला लवंडतात आणि मुले बोरीखाली जातात. पुढे काही दिवसांनी भोगी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण प्रत्येक घरात ठाऊक आहे. भोगीच्या भाजीत काही घरी बोरेही पडतात. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला सुगडात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या आणि बोरे. त्या त्या ऋतूत रानात जे पिकते ते प्रत्येक घरात पोहोचावे आणि प्रत्येकाच्या तोंडी लागावे, अशी ही सोय आहे. ज्याच्या बांधावर बोर नाही, त्याच्याही घरी ओवशाच्या निमित्ताने चार बोरे जातात.

आमच्या घरातले बोरन्हाण

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर आमच्या घरी नातवाचे बोरन्हाण होते. नातू दीड वर्षाचा. काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेला. सुवासिनींनी डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, बत्तासे ओतले. गल्लीतल्या मुलांनी ते लुटायला गर्दी केली. हशा, टाळ्या, फोटो. पाटावरच्या मुलाकडे पाहतो आहे असे प्रत्येकाला वाटत होते. पण तो काय करतो आहे हे कोणी पाहत नव्हते. मीही नाही.

एकदम सुनेचा आवाज आला. पाहिले तर मुलाचे तोंड उघडे, डोळे मोठे झालेले, आवाज नाही. रडणे नाही, खोकणेही नाही. ओठ निळे पडू लागले होते. कोणी म्हणाले पाणी पाजा, कोणी म्हणाले उलटा करा, कोणी तोंडात बोट घालायला धावले. मी त्याला ओढून घेतला, मांडीवर पालथा, डोके खाली करून धरला आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला अख्खे बोर बाहेर पडले आणि पोरगे मोठ्याने रडले. त्या रडण्याइतका गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरच्या घरात हे घडले म्हणून मूल वाचले, असे शेजारचे म्हणाले. मला मात्र उलटे वाटले. मुलांच्या घशात काय काय अडकते हे लोकांना सांगणाऱ्या माणसाच्याच घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यावरून अख्खी बोरे ओतली गेली. ही चूक माझी होती.

त्या संध्याकाळी घरात ठराव झाला की यापुढे घरात बोर आणायचे नाही. माझी आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "बोराचं काय चुकलं? बी काढून द्यायचं असतं." आमच्या लहानपणी ती बोर नखाने फाडून, बी काढून, गर बोटाने चेपून आम्हाला भरवायची, हे मला तेव्हा आठवले. आता आमच्या घरातल्या बोरन्हाणात चुरमुरे, मऊ फुलांच्या पाकळ्या आणि लहान बत्तासे असतात. बोरे ताटात असतात, पण मुलाच्या डोक्यावर पडत नाहीत. बी काढलेली बोरे मुलांना नंतर वाटली जातात. उसाचे तुकडे फक्त मोठ्या मुलांना मिळतात. सण तोच आहे आणि गमतीतही काही कमी पडलेले नाही.

घशात अडकले तर

हा भाग कापून ठेवावा, घरातल्या सर्वांनी वाचावा.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर श्वास चालू आहे. त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

मुलाला खोकता, रडता, बोलता येत नसेल तर एक क्षणही घालवू नका. वर्षावरील मुलाला पुढे वाकवून किंवा मांडीवर पालथे घेऊन, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. निघाले नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच वेळा दाबा. हे दोन्ही आलटून पालटून करत राहा.

वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट कधीही दाबू नका. त्याला हातावर पालथे, डोके खाली असे धरून पाठीवर पाच थापा द्या. मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. बाळाला पायाला धरून उलटे लोंबकळवू नका.

तोवर दुसऱ्या कोणी १०८ला फोन करावा. मूल बेशुद्ध पडले, श्वास थांबला, तर छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे सुरू करून मदत येईपर्यंत चालू ठेवावे. ही क्रिया जवळच्या दवाखान्यातून प्रत्यक्ष पाहून शिकून घ्यावी.

बी निघाले असे वाटले, पण नंतर मूल सारखे खोकते, छातीत घरघर होते किंवा ताप येतो, तर बी श्वासनलिकेत राहिलेले असू शकते. 'सर्दी झाली' म्हणून घरी थांबू नका. ते दुर्बिणीने काढावे लागते. पोटाचा दाब दिला असेल तर मूल बरे दिसले तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे.

कोणी, किती, कसे?

पाच वर्षांखालील मुलांना बोर नेहमी बी काढून, तुकडे करून, बसवून द्यावे. पळताना, हसताना, आडवे पडून खाऊ देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला बोराची घाई नको.

मोठ्यांनी एका वेळी मूठ-दोन मुठी खावीत. रिकाम्या पोटी शेरभर कच्ची बोरे खाल्ली की पोट दुखणार, गुबारणार. तो दोष फळाचा नाही.

बी गिळू नये. त्याला टोके असतात आणि ते आतड्यात अडकू शकते. कवळी लावणाऱ्या वृद्धांना बी तोंडात जाणवत नाही, म्हणून त्यांनी गर काढूनच खावा. बी दाताने फोडून आतला गर खाण्याची मुलांना हौस असते. त्यात दाताचा टवका उडतो. दगडाने फोडून द्यावे.

मधुमेही विचारतात, चालेल का? बोराच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १७ ग्रॅम पिष्ट व साखर असते. साखर आटोक्यात असेल तर दुसऱ्या फळाच्या ऐवजी दहा-बारा लहान बोरे चालतील. गुळातली, साखरेतली बोरे नकोत. बोरीच्या पाल्याचा, सालीचा काढा घेऊन गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. असे कोणीही करू नये.

रक्तदाब असलेल्यांनी बोरावर मीठ घेऊ नये. शाळेपुढे मिळणारे बोरकूट चवीला छान लागते, पण त्यात मीठ भरपूर असते. शिवाय वाळवलेल्या बोरातले क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट झालेले असते. खरा फायदा ताज्या फळाचा.

अळी असलेले बोर चुकून खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही. किडके मात्र टाकून द्यावे. बाजारातील उमराण किंवा मोठी ॲपल बोरे बागेतली असतात. त्यांवर फवारणी झालेली असू शकते. ती वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. बांधावरचे बोरही, शेजारच्या पिकावर फवारणी झाली असेल तर, न धुता तोंडात टाकू नये.

झाड राहिले तर

एवढे सगळे लिहिले, पण बोर मिळणार कुठे? बोरीच्या झाडाला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. मुळे खोल जातात, मुरमाड जमीन चालते आणि दुष्काळातही फळ येते. १९९० साली राज्यात रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा कोरडवाहू फळांत बोराला जागा मिळाली ती याच गुणामुळे. पाला शेळीला, काटे कुंपणाला, फळ माणसाला. तरीही बेन्नीतुरेच्या दोन्ही अंगांना फिरताना दिसते की बांध पूर्वीपेक्षा अरुंद झाले आहेत. उसाला सावली होते, ट्रॅक्टरला काटे लागतात, म्हणून बोरी जातात. एका सकाळी यंत्र येते आणि पन्नास वर्षांचे झाड दुपारपर्यंत जळणाच्या ढिगात असते.

त्या आजी आता नाहीत. त्यांच्या बांधावरची बोरही गेली. रस्ता रुंद करताना निघाली म्हणतात. त्यांनी पदरातून आणलेल्या बोरांची काही बिया मी दवाखान्याच्या मागे लावल्या होत्या. एक झाड लागले. फळ बारीक आहे, थोडे तुरट आहे, पण येते भरपूर. गावातली मुले दगड मारतात, पत्र्यावर आवाज होतो. कंपाउंडर चिडतो, मी त्यांना ओरडत नाही. फक्त धुवून खा म्हणून सांगतो.

आपल्या बांधाच्या कोपऱ्यात, विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात, शाळेच्या आवारात एक तरी बोर राहू द्यावी. नसेल तर यंदाच्या बोरांतले चांगले बी धुवून, वाळवून ठेवावे, पावसाच्या तोंडावर दोन दिवस पाण्यात भिजवून लावावे. चार-पाच वर्षांत फळ हाती येते.

आणि डॉक्टरांनी काही 'बंद' सांगितले, तर निघताना एक प्रश्न जरूर विचारावा, "किती दिवस?" तो विचारला म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.